मोठ्या कंपनीचा एनडीए (गुप्ततेचा करार) आलाय, आहे तसा सही करू का? (बडोदे, मकरपुरा जीआयडीसी)

मँड्रेलवाला (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

मकरपुऱ्यात आमचं छोटं युनिट आहे. ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल वाइंडिंगला लागणारे जिग, मँड्रेल (ज्यावर तार गुंडाळून कॉइल तयार होते तो साचा), टेन्शनर असलं सामान बनवतो. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरवाल्यांना तोटा नाही, त्यामुळे वडिलांच्या काळापासून धंदा ओळखीवर चाललाय. ड्रॉइंग आलं, रेट ठरला, चहा झाला की काम सुरू. गुप्ततेचा कागद कुणी पुढे केला नव्हता.

आता झालंय असं, की कॉइलचा साइज बदलला तरी मशीनवरून न उतरवता उघडता-मिटवता येईल असा एक मँड्रेल आम्ही तयार केलाय. आतल्या वेजची (पाचरीची) रचना हीच त्यातली गंमत. याहून जास्त इथे लिहीत नाही, धाग्याचा विषयच तो आहे! सावली गावाकडच्या एका मोठ्या कंपनीला तो बघायचाय. डेमोच्या आधी ड्रॉइंग हवीत आणि ड्रॉइंगच्या आधी एनडीएवर सही हवी. परचेसवाला म्हणतो, "स्टँडर्ड फॉरमॅट छे, बधा वेन्डर साइन करे छे, उद्या स्कॅन पाठवा."

बारीक टाइपातलं इंग्रजी वाचून मला कळलं ते असं: गुप्त माहिती म्हणजे फक्त "कंपनीने" दिलेली, आम्ही दिलेल्याबद्दल चकार शब्द नाही. चर्चेतून जी काही सुधारणा निघेल तिची मालकी कंपनीची. आमच्याकडून भंग झाला तर पन्नास लाख. वाद झाला तर लवाद गुरुग्रामला. मुदत कायमची.

दुसरा प्रश्न वेगळा आहे, पण डोक्यात तोही आहे. आमचा ड्राफ्ट्समन मुलगा नुकताच सोडून जवळच्याच युनिटात लागलाय. या मँड्रेलची ड्रॉइंग्ज त्याच्या मोबाइलमध्ये असणार. त्याला काही करता येतं का? आणि जे अजून आमच्याकडे आहेत त्यांच्याकडून काय लिहून घ्यावं?

रावपुरा_लोकल

वाचतोय. आमचं प्रिंटिंगचं काम आहे, आम्हालाही औषध कंपन्या लेबलच्या आर्टवर्कसाठी असले कागद पाठवतात. आजवर न वाचता सही ठोकत आलो.

दिवाळीपुरा_वकील

धागाकर्ते, सही करूच नका असं मी म्हणणार नाही. आहे तशी करू नका. मी इथल्या कोर्टात प्रॅक्टिस करते आणि असे कागद दर आठवड्याला बघते. "स्टँडर्ड फॉरमॅट" म्हणजे त्यांच्या लीगलने त्यांच्या सोयीने लिहिलेला मसुदा, एवढंच. त्यात बदल मागितले म्हणून ऑर्डर गेली असं सहसा होत नाही. परचेसवाल्याला घाई असते, लीगलला नसते, म्हणून उत्तर लीगलला पोचेल असं पाठवा.

या व्यवहारात गुपित तुमच्याकडे आहे आणि करार त्यांचं रक्षण करतोय. त्यामुळे पहिली मागणी: करार दोन्ही बाजूंना सारखा लागू हवा. माहिती देणारा तो देणारा, घेणारा तो घेणारा, मग कोणीही असो.

दुसरी गोष्ट फार लोकांच्या नजरेतून सुटते. सगळे "कुणाला सांगायचं नाही" एवढंच वाक्य शोधतात. "कशासाठी वापरायचं" हे त्याहून मोठं. समजा, कंपनीने तुमचं ड्रॉइंग बाहेरच्या कुणालाही दाखवलं नाही, फक्त स्वतःच्या टूलरूममध्ये दिलं आणि चार मँड्रेल करून घेतले. सांगितलं कुणाला? कुणालाच नाही. तुमची ऑर्डर मात्र गेली. म्हणून उद्देश नेमका लिहायचा: खरेदीचा निर्णय घेण्यापुरतं मूल्यमापन, बाकी कशासाठीही नाही. नमुना उघडायचा नाही, मोजमापं घ्यायची नाहीत, तिसऱ्याकडे द्यायचा नाही.

सुधारणेच्या मालकीचं कलम काढायला लावा. इथे अडून बसलात तरी चालेल. त्यांचा इंजिनिअर डेमोत म्हणाला, "इथे चॅम्फर (कडेला तिरका काप) द्या," आणि तुम्ही दिलात, तर पुढे अख्खा मँड्रेल कुणाचा यावर वाद घालायला त्यांना जागा मिळते. फार तर असं लिहा की ज्याचं जे आधीपासून होतं ते त्याचंच राहील.

पन्नास लाखांनी दचकू नका आणि दुर्लक्षही करू नका. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ असं आहे की करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. कोर्ट त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं, आकडा लिहिला म्हणून आपोआप तेवढा मिळत नाही. तरी नोटीस मात्र पूर्ण आकड्याचीच येते, आणि छोट्या युनिटला तेवढ्यानेच घाम फुटतो. काढायला सांगा, नाहीतर दोघांनाही लागू करा.

अपवाद आहेत का बघा: आधीच सगळ्यांना ठाऊक असलेलं, तुम्हाला आधीपासून माहीत असलेलं, स्वतंत्रपणे शोधलेलं, तिसऱ्याकडून रीतसर मिळालेलं, आणि कोर्टाने किंवा सरकारी खात्याने मागितलेलं. हे पाच नसतील तर तुमचं आजवरचं ज्ञानसुद्धा उद्या "त्यांचं" ठरवायचा प्रयत्न होऊ शकतो.

मुदतीबद्दल माझं मत इतरांपेक्षा थोडं निराळं आहे. खऱ्या धंद्याच्या गुपिताला कायमची मुदत मला चूक वाटत नाही, तुमच्या वेजच्या रचनेला तुम्हालाही तीच हवी असेल. पण मीटिंगच्या तारखेपासून कॅन्टीनच्या मेन्यूपर्यंत सगळंच कायमचं गुप्त, हे निभवायचं कुणी? साध्या माहितीला तीन ते पाच वर्षं पुष्कळ झाली.

मँड्रेलवाला

वकीलताई, मनापासून आभार. गुरुग्रामचं काय? आणि एक मूर्ख प्रश्न: हा एनडीए नसताच आणि मी ड्रॉइंग दिलं असतं, तर माझ्या हातात काहीच नसतं का?

दिवाळीपुरा_वकील

कोर्टाचं ठिकाण आणि लवादाचं ठिकाण यांत फरक आहे. ज्या कोर्टाला मुळात अधिकारच नाही, त्याला करार करून तो देता येत नाही. ज्यांना आहे त्यांतलंच एक निवडता येतं. १९८९ चा सर्वोच्च न्यायालयाचा एबीसी लॅमिनार्टचा निकाल याबद्दलच आहे. लवादाला हे बंधन नाही, ठिकाण कुठलंही चालतं, आणि एकदा ते ठरलं की तातडीची मनाई मागायलाही साधारणपणे तिथल्याच कोर्टाकडे धावावं लागतं. गुपिताच्या भांडणात पहिले काही दिवसच काय ते महत्त्वाचे असतात, तेव्हा गुरुग्रामला वकील शोधत बसणार का? बडोदे मागा, अहमदाबादवर तडजोड करा.

दुसरा प्रश्न मूर्ख अजिबात नाही. भारतात धंद्याच्या गुपितांचा स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात तसा कायदा करावा अशी शिफारस केली आहे. तोवर कोर्टं करार कायदा आणि विश्वासभंगाचं जुनं तत्त्व यांवर चालतात. तुमच्यासारखंच एक प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे १९८७ मध्ये आलं होतं: जॉन रिचर्ड ब्रेडी विरुद्ध केमिकल प्रोसेस इक्विपमेंट्स. ब्रेडींनी जनावरांसाठी हिरवा चारा उगवणारं यंत्र तयार केलं होतं. त्याचे थर्मल पॅनेल इथे बनवून घ्यायचे म्हणून ड्रॉइंगसकट सगळा तपशील एका कंपनीला दिला. पॅनेलची ऑर्डर काही दिली गेली नाही, आणि पुढे ती कंपनी तसलंच यंत्र स्वतः बनवायला लागली. कोर्टाने मनाई दिली. विश्वासाने दिलेली माहिती देणाऱ्याच्या परवानगीशिवाय वापरायची नाही, ही जबाबदारी कराराच्या पलीकडेही असते, असं म्हटलं.

म्हणजे कागद नसला तर हात अगदी रिकामे नाहीत. पण मग "विश्वासाने दिली होती" हे सिद्ध करणं तुमच्या गळ्यात.

नंदेसरीचा_काका

उभी नोकरी केमिकलमध्ये काढली, आता निवृत्त. कागदाचं वकीलताईंनी सांगितलंच. कागद नसताना काय करायचो ते सांगतो.

आमच्याकडे एका इंटरमीडिएटची (पुढचं रसायन बनवायला लागणाऱ्या मधल्या रसायनाची) प्रोसेस होती. बॅच कार्डवर कच्च्या मालाची नावं नव्हती, नुसते कोड. कुठल्याही एका शिफ्टकडे अथपासून इतिपर्यंत रेसिपी नसायची. कॅटॅलिस्ट एका खोलीत तोलून सीलबंद डब्यात यायचा, तोलणाऱ्याला तापमान माहीत नाही आणि रिअॅक्टरवाल्याला वजन माहीत नाही. मास्टर कार्ड वर्क्स मॅनेजरच्या कपाटात, आणि ते कोणी कधी काढलं याचं रजिस्टर. एनडीए हा शब्दसुद्धा आम्ही ऐकला नव्हता.

मात्र एक पथ्य आहे. कोडच्या नावाखाली कामगारापासून धोका लपवायचा नाही. भोपाळनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात ४१ब हे कलम आलं ते याचसाठी: धोकादायक पदार्थाची माहिती कामगारांना, फॅक्टरी इन्स्पेक्टरला आणि आसपासच्या लोकांना द्यावीच लागते. काही शेठ लोक "गुप्त आहे, गुप्त आहे" म्हणत सेफ्टी डेटा शीटसुद्धा दाबून ठेवतात. ते गुपित नव्हे, गुन्हा आहे.

मँड्रेलवाल्या भाऊंची अडचण आमच्याहून निराळी आहे. आमचं गुपित रिअॅक्टरच्या आत राहायचं, बाहेर जायची ती पांढरी पावडर. तिच्याकडे बघून प्रोसेस कळत नाही. तुमचा मँड्रेल एकदा विकला की चार बोल्ट काढले, गुपित टेबलावर. एनडीए कितीही चांगला केलात तरी तो डेमोपुरता. पुढे काय?

कलाभवन_२०१४

काकांनी मुद्द्यावर बोट ठेवलंय. जे उघडून कळतं ते लपवून राखता येत नाही, तिथे पेटंट. बाजारातून रीतसर विकत घेतलेली वस्तू खोलून अभ्यासली तर तो गुपिताचा भंग धरत नाहीत.

मी इथेच एमएस युनिव्हर्सिटीत टेक्नॉलॉजीला होतो, सध्या एक छोटा स्टार्टअप चालवतो. पेटंट म्हटलं की लोकांना लाखोंचा खर्च दिसतो. पण प्रोव्हिजनल (तात्पुरत्या, पहिल्या) अर्जाची सरकारी ऑनलाइन फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी फक्त १६०० रुपये आहे, मोठ्या कंपनीला ८०००. गुजरातचे अर्ज मुंबईच्या पेटंट ऑफिसकडे जातात, ऑनलाइन भरले की झालं. प्रोव्हिजनल भरला की तारीख तुमची. मग १२ महिन्यांत संपूर्ण अर्ज भरायचा. खरा खर्च एजंटचा आणि तो मसुदा नीट लिहिण्याचा. तिथे काटकसर करू नका.

क्रम महत्त्वाचा: आधी अर्ज, मग डेमो. आणि हेही ध्यानात घ्या की पेटंट म्हणजे सगळं उघड करणं. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो, जग वाचतं, त्या बदल्यात २० वर्षं हक्क. म्हणून वेजची रचना पेटंटमध्ये, पण वेजचं हीट ट्रीटमेंट कसं करता, ग्राइंडिंगचा क्रम काय, ते मँड्रेल उघडून कळत नसेल तर अर्जात अनावश्यक लिहू नका. अर्थात शोध प्रत्यक्षात उतरवायला जे लागतं ते लिहावंच लागतं, आणि तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली पद्धतही. ती रेषा एजंटबरोबर बसून ठरवा.

जाता जाता: गुंतवणूकदार बहुतेक वेळा एनडीएवर सही करत नाहीत. रोज पन्नास कल्पना ऐकतात, कुणाकुणाला बांधून घेणार? सुरुवातीला मला फार राग यायचा. आता पहिल्या भेटीत मशीन काय करतं एवढंच सांगतो. कसं करतं ते नाही.

मँड्रेलवाला

हा कोन माझ्या डोक्यातच नव्हता. ओळखीच्या एका युनिटात तो ट्रायलला लावला होता, विकला नाही. त्याने बिघडेल का?

कलाभवन_२०१४

ट्रायल बंद दाराआड होती की येणारे-जाणारे बघत होते, त्यावर अवलंबून. फोटो कुठे टाकले होते का? एजंटला सगळं तारीखवार सांगा, तिथे काही लपवू नका.

सराफा_इंदूर

इंदूरहून रामराम. आमच्याकडे नमकीनच्या धंद्यात ना पेटंट ना एनडीए. शेवेचा मसाला घरात, घरच्याच बायका मिसळतात. कारखान्यात तयार पुडे जातात, एका घाण्याला एक पुडा. कारीगर वीस वर्षांचा जुना असला तरी त्याला प्रमाण माहीत नसतं. तेल-बेसनाचं गणित सगळ्या गावाला ठाऊक, पण पुड्यात काय ते सूनबाईंना ठाऊक. दोन भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा खरी पंचाईत झाली होती म्हणतात: दुकानं वाटली, मसाला कसा वाटणार? तेव्हा मात्र वकिलाकडे जावं लागलं.

नंदेसरीचा_काका

हाहा, घरातला एनडीए सगळ्यात अवघड!

हेल्परचा_हेड

मी त्या ड्राफ्ट्समन पोराच्या बाजूने बोलतो. इथे सगळे मालक दिसतायत, एकाने तरी बोलायला हवं.

हेल्पर म्हणून लागलो, आज सीएनसी प्रोग्रामिंग करतो. आधीच्या एका ठिकाणी अपॉइंटमेंट लेटरबरोबर एक कागद सही करून घेतला: नोकरी सोडल्यावर तीन वर्षं गुजरातमध्ये याच लाइनमध्ये काम करायचं नाही. मग काय करायचं, पापडी-लोच्याची लारी टाकायची? वर आयटीआयची ओरिजिनल सर्टिफिकेटं कपाटात. सोडताना धमकी: "केस करेन." मी गप्प बसलो, कारण मला काही माहीत नव्हतं. माझ्या हातात जे आहे ते मी शिकलोय. ते मालकाच्या कपाटात कसं ठेवून जाऊ?

पगारपत्रक

हेड भाऊ, पूर्ण सहमत. मी एचआरमध्ये आहे आणि मालकांशी याच विषयावर वाद घालते.

करार कायद्याचं कलम २७: धंदा-रोजगार करण्यावर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. धंद्याचं गुडविल (नावलौकिक) विकलं असेल तर अपवाद. नोकरी सोडल्यावर "कुठेही काम करू नको" हे आपल्याकडे कोर्टात टिकत नाही. तुमच्याकडून घेतलेला तो कागद त्या बाबतीत जवळजवळ रद्दीच होता. आणि ओरिजिनल सर्टिफिकेटं अडकवून ठेवायचा मालकाला काहीही हक्क नाही.

पण नोकरी चालू असतानाची गोष्ट वेगळी. १९६७ चा सेंच्युरी स्पिनिंगचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्डचं सूत बनायचं, तंत्र हॉलंडच्या कंपनीकडून गुप्ततेच्या अटीवर आणलेलं. पाच वर्षांच्या कराराने बांधलेला एक शिफ्ट सुपरवायझर मुदत संपायच्या आत कोट्याच्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला. कोर्टाने मनाई कायम ठेवली, पण ती कराराच्या मुदतीपुरती. मुदतीनंतरची नव्हे.

मोतीबाग_पॅव्हेलियन

मुदतीनंतरचं म्हणाल तर आपल्या झहीरचाच निकाल आहे की! बडोद्याला २०००-०१ ची रणजी जिंकून देणारा झहीर खान. त्याच्या एजन्सीबरोबरच्या करारात अट होती की करार संपल्यावरही दुसऱ्याची ऑफर घेण्याआधी आधीच्या एजन्सीला संधी द्यायची. एजन्सी कोर्टात गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झहीरच्या बाजूने कौल दिला, कलम २७ चाच आधार घेऊन. फायनलला मोतीबागेवर होतो म्हणून लक्षात राहिलं, कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

दिवाळीपुरा_वकील

पॅव्हेलियन, कायद्यातलं बरोबर सांगितलंत.

आता हेड भाऊ आणि धागाकर्ते दोघांसाठी. कोर्ट हातातली कला आणि मालकाचं गुपित वेगळं काढतं. मुलाला ऑटोकॅड येतं, टॉलरन्स कळतो, वाइंडिंग मशीन समजतं, हे त्याचं. ते घेऊन तो शेजारच्या युनिटात खुशाल जाऊ दे. तुमच्या मँड्रेलची फाइल, तुमच्या रेटची शीट, कुठल्या ग्राहकाला काय डिस्काउंट हे तुमचं. ते तो नोकरी सोडल्यावरही वापरू शकत नाही, आणि त्यासाठी "तीन वर्षं काम करू नको" असली अट लागतच नाही.

त्या मुलाला एकदम नोटीस पाठवू नका. आधी साधं पत्र: तुझ्याकडे आमची ड्रॉइंग्ज असतील तर काढून टाक आणि तसं लिहून दे. नव्या मालकालाही नम्र भाषेत कळवा की आमची माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी या मुलावर आहे. बरेचदा तेवढ्याने भागतं, कारण नव्या मालकालाही कोर्टाची पायरी चढायची नसते. फाइल वापरल्याचा पुरावा हाती आला तरच पुढचं पाऊल.

प्लॉटर_आणि_पेनड्राइव्ह

पुराव्यावरून आठवलं. आयटीवाला आहे, छोट्या युनिटांचे सर्व्हर बघतो. सत्य परिस्थिती सांगू? ड्रॉइंग व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतात. ग्रुपमध्ये दोन व्हेंडर, एक जुना सोडून गेलेला इंजिनिअर आणि कुणाचा तरी मेहुणा. झेरॉक्स-प्लॉटरच्या दुकानात पेनड्राइव्ह दिला की फाइल त्याच्या डेस्कटॉपवर राहते, महिनोनमहिने. आणि मग मालक म्हणणार, आमचं गुपित चोरलं.

ट्रिप्स या बौद्धिक संपदेच्या आंतरराष्ट्रीय करारातलं कलम ३९ बघा, भारताने सही केलेलं आहे: माहिती खरोखर गुप्त हवी, गुप्त असल्यामुळे तिला किंमत हवी, आणि ती गुप्त राखायला मालकाने वाजवी उपाय केलेले हवेत. ग्रुपवर टाकलेल्या ड्रॉइंगला तिसरी अट कशी लावणार?

काही फार खर्चिक करायला नको. प्रत्येक ग्राहकाच्या कॉपीवर त्याचं नाव आणि तारीख आडवं छापा, म्हणजे फुटली तर कुठून ते कळेल. असेंब्ली ड्रॉइंग कुणालाच नाही, व्हेंडरला फक्त त्याच्या पार्टचं. सोडून जाणाऱ्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद आणि ग्रुपमधून बाहेर. त्याच्या कॉम्प्युटरला फॉरमॅट मारू नका, आधी कॉपी काढा. नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, त्याच्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूसुद्धा (फाइलच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) मागितली आहे. घाईत पुसलेली डिस्क पुन्हा मिळत नाही.

रेसकोर्स_टेंडर

सरकारी वीज कंपन्यांना माल देणाऱ्यांसाठी एक पुरवणी. टेंडरबरोबर दिलेली ड्रॉइंग आणि किमतीचा तपशील प्रतिस्पर्धी माहिती अधिकारात मागू शकतो. २००५ च्या कायद्यात ८(१)(घ) प्रमाणे व्यापारी गुपितं द्यायला नकार देता येतो, मोठं जनहित असेल तर मात्र द्यावी लागतात. कलम ११ खाली अधिकाऱ्याने अर्ज आल्यापासून ५ दिवसांत तुम्हाला कळवायचं, आणि तुम्हाला बाजू मांडायला १० दिवस. पण माहिती तुम्ही गोपनीय म्हणून दिली होती हे कागदावर दिसायला हवं. म्हणून देतानाच त्या पानांवर "गोपनीय" छापा. सगळ्या फाइलवर सरसकट शिक्का मारू नका, मग कुणी गंभीरपणे घेत नाही.

रावपुरा_लोकल

आमच्या शिक्क्यांची संख्या बघता हा टोमणा मलाच होता.

मँड्रेलवाला

अपडेट देतो. लीगलला मेल गेली. दोन्ही बाजूंना लागू: मान्य. उद्देशाचं वाक्य: मान्य, एक-दोन शब्द फिरवून. सुधारणेचं कलम: आधी नाही म्हणाले, मग "ज्याचं त्याचं" वर आले. पन्नास लाख: काढले. लवाद: अहमदाबाद. परचेसवाला फोनवर जरा फुरंगटला होता, पण डेमोची तारीख त्यानेच पुढे ढकलून दिली. पेटंट एजंटशी बोलणं झालंय, अर्ज आधी जाईल आणि डेमो मग. ड्रॉइंग देत नाही, त्यांच्यासमोर आमच्याच शॉपमध्ये चालवून दाखवायचं ठरलंय.

त्या मुलाला भेटलो. त्याने माझ्यासमोर फाइली उडवल्या आणि लिहून दिलं. त्याचा उरलेला पगार आमच्याकडून जायचा होता, तो त्याच दिवशी दिला.

राहिला प्रश्न आतल्या माणसांचा. ऑपरेटर बहुतेक गुजराती, दोघे बिहारचे. इंग्रजी कागद सही करून घ्यायला मनाला पटत नाही.

पगारपत्रक

मग घेऊ नका. एका पानाचं, गुजरातीत आणि हिंदीत. काय गुप्त आहे त्याची नावं लिहा: अमुक मँड्रेल, अमुक रेट शीट. "कंपनीची सर्व माहिती" असं लिहिलंत की कशालाच अर्थ राहत नाही. वाचून दाखवा, एक प्रत त्यांना द्या. आणि सोडल्यावर काम न करण्याची अट घालू नका, हेड भाऊ इथे बसलेत.

हेल्परचा_हेड

बसलोय आणि वाचतोय.

दिवाळीपुरा_वकील

कंपनीबरोबरच्या कराराला मात्र स्टॅम्प लावायला विसरू नका. स्टॅम्प नसलेला कागद आधी ड्यूटी आणि दंड भरल्याशिवाय पुराव्यात घेत नाहीत, आणि नेमक्या घाईच्या वेळी तिथे दिवस जातात. सही करणाऱ्याला कंपनीतर्फे सहीचा अधिकार आहे ना, तेही मागून घ्या.

सराफा_इंदूर

एक शंका. ट्रायलमध्ये जे वेज नापास झाले त्यांचं काय करता? इथे एका ओळखीच्या डायमेकरची जुनी डाय भंगारवाल्याकडून दुसऱ्याने विकत घेतली आणि तशीच वापरायला काढली.

मँड्रेलवाला

भंगार दर महिन्याला जातं. वेजही त्यातच जात होते.

नंदेसरीचा_काका

ते आजपासून बंद. गॅस कटरने आडवे दोन तुकडे, मोजमापाचा पृष्ठभाग ग्राइंडरने उडवायचा, मगच भंगारात. कोणी कापले, किती कापले, रजिस्टरमध्ये दोघांच्या सह्या. आणि दोन्ही तुकडे एकाच भंगारवाल्याला देऊ नका.